पाचवं नाव

खिडकीपुढे तिघीच उरल्या होत्या: मावशी, तिची भाची आणि त्यांच्यामागे एक विद्यार्थिनी. काचेवर ऐच्छिक विषयांचे आकडे होते. वित्त चाळीस, आरोग्य अर्थशास्त्र तीन. पाच नावं भरली नाहीत तर विषय शिकवत नाहीत, हे मागचीला ठाऊक होतं.

“मी चौथी. तू पाचवी हो ना गं.”

“मावशी, नोकऱ्या वित्तवाल्यांनाच मिळतात.”

“दवाखान्यात बिलाच्या खिडकीत पंधरा वर्षं काढली मी. एकाच ऑपरेशनचे दोन खोल्यांत दोन दर का, हे शिकायलाच या वयात दप्तर उचललंय.”

“बरं, आज नाव देते. पुढच्या आठवड्यात बदलून घेईन.”

“उसनं माणूस नको. गेल्या वर्षी अशाच दोघी पळाल्या आणि विषय मध्येच गुंडाळला.”

“मग?”

“मग काय, तुझं तू बघ.”

“रागावलीस?”

“नाही गं. दमले.”

दोघी नावं देऊन बाकावर जाऊन बसल्या. मागची पुढे सरकली.

“विषय?” कारकुनाने विचारलं.

तिने एकदा बाकाकडे पाहिलं आणि विषय सांगितला.

खिडकी बंद झाली तेव्हा काचेवर वित्त बेचाळीस होतं, आरोग्य अर्थशास्त्र चार.