बोलनारा कसा असावा, हे वजीर मार्करला इचारा

...आन वर त्यो कर्णेवाला भाऊसो मलाच म्हनतोय, "वजीर, माजं मशीन तुज्यामुळं बदनाम झालं!" आता तुमीच सांगा, मी मशीनला हात तरी लावला का? मी फकस्त बोललो. जसं बोलाय पायजे तसं बोललो, आन जितं गप बसाय पायजे तितं गप बसलो. हां, हितंच सगळं बिनसलं बगा! बोलायला काय, तोंड हाय म्हनून कुनीबी बोलतंय. गप कवा बसायचं, ते कळाय बावीस वर्सं लागत्यात.

बावीस वर्सं मंजे कुठं, तर सांगलीच्या आमच्या क्लबात. हिरव्या बनातीचं मोठं टेबल, सहा जाळ्या, रंगीत चेंडू, आन मी तितला मार्कर. मार्कर मंजे काय? तर सायेब लोकांनी काठीनं चेंडू जाळीत घालायचा, आन मी त्यो काडून जागंवर ठिवायचा आन पाइंट वरडायचं. "सेवन्टीन!" "ट्वेन्टी फोर!" बास. बावीस वर्सात त्या खोलीत आकड्याबिगर दुसरा शबुद माज्या तोंडातनं भाईर पडला न्हाई, तुमाला सांगतो! आन डोक्यात? डोक्यात समदं चालल्यालं असायचं. आवं रावसाब, जोर लय झाला... आवं वकीलसाब, तांबडा जाईल वो, पन पांढऱ्याचं काय? त्यो कुठं जाऊन बसनार, ते बगितलासा का? पन बोलतो कसा? बोललो असतो तर दुसऱ्या दिशी बनात झाडाय दुसराच वजीर आला असता.

आन घरी अख्तरबी. मिरजंची हाय ती. तिचा भाऊ तंबोरं करतोय. त्यामुळं काय झालंय, आमच्यात जेवताना एकच इषय. "माजा भाऊ तंबोरा करतोय, त्यो वाजतोय, मानसं वा वा करत्यात. तुमी काय करतासा वो? मोठी मानसं चेंडू घालवत्यात, तुमी हुडकून देतासा." आता हिला काय सांगू? एकदा तिच्या भाचीच्या लग्नात कुनीतरी इचारलं, नवरा काय करतोय? ही म्हनली, "क्लबात झाडलोटीला हाय." माज्या म्होरं! लय लागलं बगा मनाला. त्या दिशी बिर्यानीबी ग्वाड लागली न्हाई मला.

तवा जवा ह्यो सामना ठरला, तवा मला वाटलं, आता हिला कळनार. जत तालुक्यात पावसानं दगा दिल्याला, जनावरं हाल हाल करून मरत व्हती, तर त्येच्यासाठी फंड गोळा करायचा. क्लबचं सेक्रेटरी मधुकरराव वकील, त्यांनी मुंबईचा पिंटो बोलिवला. पूल मंजे ह्योच टेबलावरचा खेळ, त्यो खेळून पोट भरनारा मानूस! खेळनं हाच त्येचा धंदा. त्येच्यासंगं मधुकरराव सोता खेळनार. खोलीत खुर्च्या चाळीस, आन तिकिटं घेतल्याली मानसं पाच-सहाशे! मग ती कुठं बसनार? तर भाईर आवारात, सतरंजीवर. आन लिंबाला टांगल्याला भाऊसोचा कर्णा. आता आत काय चाललंय ते भाईरच्यास्नी कुनी तरी सांगाय नगं का?

बसली की कमिटी! मी चहाचा ट्रे घिऊन हुबा, कानावर समदं येतंय. पयल्यांदा वाईचं गोपाळकृष्णशास्त्री. मधुकररावांनी नुस्ता एक चेंडू मारून दावला आन म्हनलं, सांगा बगू. शास्त्रीबुवांनी डोळं मिटलं. "आता, श्रोतेहो, हा श्वेतवर्ण कंदुक, आपल्या रक्तवर्ण बंधूच्या भेटीस्तव आतुर होत्साता..." आवं, चेंडू जाळीत जाऊन त्यो मी काडून पुसून परत जागंवर ठिवला, तरी ह्येंचा कंदुक आपला आतुरच! शास्त्रीबुवा बाद.

मग निघाला जोतिबा. कराडकडचा. कुस्त्यांच्या फडात वरडनारा, आवाज असा की नदीच्या पल्याडल्या मळ्यातलं बैल मान वर करत्यात. कुनी तरी म्हनलं, "पण याला खेळ कुठं कळतो?" मला वाटलं, आता माजं नाव घेतील. घेतलं की! मधुकरराव म्हनलं, "मग आपला वजीर आहे ना! तो ह्याच्या कानात सांगेल, हा माईकवर बोलेल." झालं! बगा की न्याव! ज्येला कळतंय त्येनं कुजबुजायचं, आन ज्येला कळत न्हाई त्येनं कर्ण्यात वरडायचं. बोलायला काय, तोंड हाय म्हनून कुनीबी बोलतंय!

पन मी म्हनलं, असू दे. घरी गेलो आन अख्तरबीला सांगितलं, "अगं, तोंड जोतिबाचं आसंल, शबुद समदं माजं. ये ऐकाय." आन ती बी सामन्याच्या दिशी दुपारी ठेवनीतलं लुगडं नेसून शेजारच्या दोघीतिघींस्नी घिऊन पार फुडच्या सतरंजीवर येऊन बसली. खिडकीतनं बगितलं मी. बावीस वर्सात ती पयल्यांदा क्लबाच्या फाटकातनं आत आल्याली.

आन जोतिबा आला त्यो हलगीवाला घिऊन! आवं, ज्या खोलीत कुनी शिंकला तर मानसं माफी मागत्यात, तितं हलगी! मी म्हनलं, "जोतिबा, गड्या, हितं वाजवायचं नसतंय." त्यो म्हनतोय, "हलगीबिगर माजं तोंडच उघडत न्हाई." मग हलगीवाल्याला खिडकीच्या भाईर हुबा केला. मंजे आवाज आत यायचा त्यो आलाच.

सामना सुरू झाला. पिंटो सायेब वाकला. मी जोतिबाच्या कानाला लागलो, "सांग, तांबडा वरच्या जाळीत घालनार, पन जोर लावनार न्हाई, कारन पांढरा मागं आनाय पायजे, निळ्याच्या अंगावर." आन ह्येच्या तोंडातनं काय भाईर पडावं? "आरारारारा! मुंबईचा पिंटो वाकला रं वाकला! शड्डू ठोकला! तांबडा गडी आता चीतपट!" म्हनलं, "आरं, अजून मारला न्हाई!" तर कर्ण्यावरच म्हनतोय, "मारला न्हाई तर मारंल की गड्या, पळतोय कुठं!" भाईर शिट्ट्या, टाळ्या, हलगी कडाडली, आन पिंटो सायबाची काठी चेंडूवरनं सटाककन घसरली. त्येनं मान वळवून बगितलं, त्ये कुनाकडं? माज्याकडं! जसं काय म्याच वरडलो.

मग मधुकरराव वाकलं. मी सांगतोय, "पिवळा आडवा हाय, वकीलसाब कड घिऊन मारनार." ह्यो म्हनतोय, "सांगलीच्या वकिलानं लांग कसली! पिवळ्याला घातला कलाजंग!" आवं, कसला कलाजंग? त्यो तर कुस्तीतला डाव! चेंडूला टांग असती व्हय? पन भाईर मानसं येडी झाल्याली. एक म्हातारा तर हुबा राहून इचारतोय, "पिवळा कुठल्या तालमीचा?" बोलायला काय, तोंड हाय म्हनून कुनीबी बोलतंय. पन ऐकनारंबी तसलंच भेटावं, ह्येला काय म्हनायचं!

असा सामना निम्म्यावर आला. पिंटो सायबानं काठी टेबलावर आडवी ठिवली आन गार आवाजात म्हनला, "वकीलसाब, या तो ये आदमी बोलेगा, या हम खेलेगा." जोतिबाचा फेटा हालला. "मी धा हजार मानसं गप केल्यात! मला कोन गप करतोय?" पन त्येचं त्येलाच वंगाळ वाटलं असावं. फेटा सारका केला, मी आनल्याला चहा उभ्या उभ्या पिला, हलगीवाल्याला हाळी दिली आन गेला. मधुकररावांनी हिकडं बगितलं, तिकडं बगितलं. शास्त्रीबुवा खुर्चीत घोरत व्हते. मग म्हनलं, "वजीर, तूच बोल काहीतरी. हळू बोल."

काय तरी! बावीस वर्सं जे तोंडात दाबून धरलं व्हतं, त्येला वकीलसाब म्हनत्यात काय तरी! माईक धरला आन मनात म्हनलं, वजीर, भाईर ती बसल्याली हाय. तिनं टेबल कवा बगितल्यालं न्हाई. तिला दिसंल असं बोल.

मी म्हनलं, "मंडळी, हे टेबल मंजे आपली सांगली समजा. वरचा कोपरा स्टेशन, खालचा कोपरा नदीचा घाट, मदी मारुती चौक. काळा चेंडू स्टेशनावर हुबा हाय, पांढरा घाटावर. पिंटो सायबाला घाटावरनं निघून चौकातला गुलाबी चुकवून स्टेशन गाठायचं हाय. वाट एकच हाय, आन ती बोटभर रुंद हाय. सरळ गेला तर गुलाबी आडवा येतोय, म्हनून त्यो भिंतीला लागून जाईल. आता त्यो वाकतोय."

आन गप बसलो.

तुमाला सांगतो, ती गप मंजे... आवं, चाळीस मानसं खुर्चीत फुडं वाकली. घड्याळ ऐकू यायला लागलं. काठी फुडं गेली, मागं आली, आन काळा जाळीत कसा उतरला, बाळ झोळीत ठिवावं तसा. मग हळूच म्हनलो, "पोचला." पिंटो सायबानं मान वर केली, माज्याकडं बगितलं आन नुस्ती मान हालवली. मुंबईच्या त्या मानसानं! डोळं भरलं माजं, खोटं कशाला सांगू? असं बोलायचं असतंय. मारायच्या आदी सांगायचं, मारताना गप बसायचं, आन मारल्यावर एका शबुदात मोकळं व्हायचं. बोलायला काय, तोंड हाय म्हनून कुनीबी...

जाऊ दे. असंच दोन-चार डाव झालं. वाट सांगायची, गप बसायचं. वाट सांगायची, गप बसायचं. आन भाईर? भाईर दर खेपंला गलका वाढाय लागला. "आरं, मशीन बंद पडलं!" "भाऊसो, तुजा कर्णा मेला रं!" मला आत काय कळतंय? मी माज्या तंद्रीत. शेवटचा चेंडू. पिंटो सायेब वाकल्याला. सगळा सामना त्या एका चेंडूवर. मी गप. खोली गप. आन धाडकन दार उघडून भाऊसो आत! माज्या हातातनं माईक हिसकला, त्येच्यावर टिचक्या मारल्या आन, "हॅलो! हॅलो! वन टू थ्री! हॅलो!" पिंटो सायबाची काठी थेट बनातीत घुसली. हिरव्या बनातीला टीचभर भोक! मग मधुकररावांनी त्यो चेंडू सवकाशीनं घातला आन जिकलं. हार मधुकररावांच्या गळ्यात, आन बनात फाटली कशी ते इचारनं माज्याकडं.

आन मी पळत भाईर आलो वो, अख्तरबीला बगाय. तर आवार मोकळं. मशीन बिगडलं म्हनून मानसं हार घालूस्तवर घरला गेल्याली. दोन सतरंज्या आन शेंगांची टरफलं. बास.

घरी गेलो. तर ही दारातच हुबी! हसतीया! लग्नाला एवढी वर्सं झाली, पन असं हसल्याली मी बगितली न्हवती. "आवं, लय झ्याक बोललासा! तांबडा गडी चीतपट! पिवळ्याला कलाजंग! तुमाला सुचतंय तरी कसं वो? शेजारनी पोट धरून हसत व्हत्या. मी म्हनलं त्यास्नी, हे समदं आमच्या घरातलं शबुद हायती. आजपतोर मला ठावंच न्हवतं, तुमी एवढं मोठं काम करतासा."

आता काय म्हनू? सांगा की! बावीस वर्सांनी बायकूनं मान दिला, आन त्यो बी जोतिबाच्या कलाजंगाला!

मग ताट वाढता वाढता म्हनती, "पन शेवटी त्यो वाट चुकल्याला कोन व्हता वो? घाटावरनं स्टेशनावर कुठनं जायचं, त्ये कर्ण्यातनं सांगत व्हता. मदीच इसरायचा आन गप व्हयाचा. आवाजबी रडवा. भाऊसोनं किती येळा हॅलो हॅलो करून हाक मारली त्येला... सापडला का वो बिचारा?"

मी भाकरी मोडली. म्हनलं, "सापडला. परगावचा व्हता. दिला गाडीत बसवून. वाढ, आमटी वाढ."