उभं राहण्याची अट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या हॉटेलचे मालक. मंचावरचे मॅनेजर साहेब. वेळात वेळ काढून आलेली पाहुणे मंडळी. मला एकतीस वर्षं सांभाळून घेणारे माझे सगळे सहकारी. आणि पहिल्या रांगेतून हातानेच 'आटपा आता' म्हणणाऱ्या माझ्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना नमस्कार.

आधीचे वक्ते म्हणाले, 'हा माणूस एकतीस वर्षं रिसेप्शनवर ताठ उभा राहिला.' ऐकायला बरं वाटलं. पण ते खरं नाही, आणि जाताना खोटं कौतुक घरी न्यायची माझी इच्छा नाही.

आपल्याकडे नियम आहे, रिसेप्शनवरच्या माणसानं बसायचं नाही. का? मी एकदा विचारलं होतं. 'पाहुण्यांना बरं दिसत नाही.' कुठल्या पाहुण्याला? ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

या नियमाची झळ कुणाला लागली, ते सांगतो. खाली तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी, आपली फोनची खोली आहे. तिथे एक मुलगी सहा वर्षं बुकिंग घेते. मुलगी म्हणजे तिशीची आहे, पण मला काका म्हणते. लहानपणापासून पायांत जोर नाही, कुबड्या घेऊन चालते. चार भाषा बोलते. भडकलेला पाहुणा तिच्याशी दोन मिनिटं बोलला की थंड होतो. कितीतरी जण काउंटरवर येऊन विचारतात, 'फोनवरच्या त्या बाई कुठे आहेत? भेटायचंय.' मी सांगतो, 'आज सुट्टीवर आहेत.' सहा वर्षं सुट्टीवर! अहो, ती बरोबर आमच्या पायाखाली बसलेली असते.

रिसेप्शनसाठी तिनं तीनदा अर्ज केला. मुलाखतीत दोनदा पहिली आली. तिन्ही वेळा पुन्हा तळघर. अपंग दिनाला मात्र तिला न चुकता वर आणतात, काउंटरमागे उभी करतात, हो, उभी करतात, आणि फोटो काढून दर्शनी भिंतीवर लावतात. फोटोला चालते, मग कामाला का चालत नाही? चीड येते मला, मंडळी. स्पष्टच सांगतो.

गेल्या खेपेला ती म्हणाली, "काका, एक उंच स्टूल द्या ना. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, "अगं, नियम आहे बाई. माझ्या हातात काय आहे?"

आता नीट ऐका. साडेतीन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं बंद. नोकरी जाईल या भीतीनं मी इथे ब्र काढला नाही. बारमधलं एक उंच स्टूल आणून काउंटरमागे ठेवलं. काउंटर छातीएवढं, समोरच्याला काय दिसणार? साडेतीन वर्षं मी बसून चाव्या दिल्या. एकाही पाहुण्याची तक्रार नाही. साहेब, आपण तर रोज सकाळी समोर येऊन म्हणायचात, 'काका, या वयातही काय ताठ उभे राहता!' हसा, हसा. मलाही तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

कारण तिच्या तिसऱ्या अर्जावर, रिसेप्शनवरचा सगळ्यांत जुना माणूस म्हणून, माझं मत मागवलं होतं, आणि त्यावरचा शेरा माझ्या अक्षरात आहे. 'उमेदवार हुशार, परंतु उभे राहून काम करू शकत नाही. शिफारस नाही.' हे मी त्या स्टुलावर बसून लिहिलं.

उद्यापासून माझी जागा रिकामी. तिचा चौथा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. त्याला मी आज सकाळी माझं पत्र जोडलंय, इथे बोललो तेच त्यात लिहिलंय. नियम मोडला म्हणून माझं काय करायचं ते करा. पण ज्या कामासाठी आज माझा सत्कार केलात, ते बसून होत नाही, असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

या फुलांबद्दल आणि गोड शब्दांबद्दल मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर अध्यक्ष महाशयांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. त्या शेऱ्याची माफी मात्र इथे मागून भागणार नाही. फोन घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून तिला आज वर बोलावलेलंच नाही. तुम्ही जेवायला सुरुवात करा. मी खाली जाऊन येतो.