तीन पिल्लं, तीन पट्ट्या

मांजर खुशाल पाळा, पण पिल्लांच्या गळ्यात काही बांधू नका. मी बांधलं होतं. तवा निजामाचं राज्य होतं आणि औरंगाबादेत आमच्या भिंतीला लागून पोलीस जमादारसाहेबांचं घर होतं.

मी सात वर्षांची. ज्वारीच्या कणगीत मला एक कापड सापडलं. ते शिवणीवर उसवलं, तीन पट्ट्या काढल्या आणि आमच्या मांजरीच्या तीन पिल्लांना बांधल्या. केशरी, पांढरी, हिरवी.

दुपारी आईनं हिरव्या पट्टीचं पिल्लू पाहिलं आणि माझा दंड धरला. "बाकीची दोन कुठंयत गं?"

"मांजरीनं नेली. जमादारसाहेबांकडं."

"अगं, बाबांनी लपवलेला तिरंगा होता तो. आता त्यांना तुरुंगात घालतील."

तेवढ्यात मांजरीनं तिसरं पिल्लूही तोंडात धरलं आणि भिंतीपलीकडं उडी मारली. हाक मारायचीही सोय नव्हती, कारण जमादारसाहेब अंगणातच बसले होते.

जरा वेळानं कडी वाजली. आईनं दार उघडलं. दारात जमादारसाहेब, अंगावर वर्दी, हातात टोपली. टोपलीत तिन्ही पिल्लं, गळे मोकळे.

"भाभी, पट्ट्या चुलीत घातल्या," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बेटी, मांजर पिल्लं घेऊन सात घरं फिरती. आमचं पहिलं होतं म्हणून वाचलात. पुढच्या वेळी तिघांना एकच रंग बांध."