बुढी घर सोडत नाही

हसायचं असन तर मागून हसा, आधी ऐका. माही बुढी मेल्यावर मी पोराकडे परतवाड्याले राहाले गेलो अन् अचलपूरचं घर बंद पडलं. एका बियाणेवाल्याले ते गोदामासाठी पाहिजे होतं. पण नगरपालिकेत त्याची नोंद राहत्या घराची, म्हणजे निवासी. ती बिगरनिवासी झाल्याशिवाय तो घ्याले तयार नव्हता.

म्हणून घरात कोणी राहत नाही असा मी अर्ज देला, अन् पालिकेचा माणूस भर दुपारी पाहाले आला. मी कुलूप उघडून देलं अन् गुडघे दुखतात म्हणून भाईरच बसलो. थोड्या वेळानं तो मिशा पुसत आला.

"बाबाजी, खोटं काहून बोलता? इथं तर माणूस राहते."

"कोण राहते बे?"

"मावशी हाये न आत. गूळ-पाणी घेतल्याबिगर मले सोडूनच नव्हती राहिली."

मी गुडघे धरून उठलो. बुढीची खोडच तशी होती. भांडाले आलेल्या माणसालेही ती आधी गूळ-पाणी देई.

मी आत गेलो. तिची भांडी मी कवाचीच वाटून टाकली होती. तरी रिकाम्या कोनाड्यात तिचा पितळेचा गिलास होता. ओला.

"अजून काय म्हणे ती?" मी भाईर येऊन विचारलं.

"म्हणे, त्याईले सांगा, माह्या सैपाकघरात पोते नाही ठेवू देणार. मग काय लिवू, बाबाजी?"

"निवासी लिव," मी म्हटलं. "जिती होती तवा तिनं माह्यं ऐकलं नाही, आता काय ऐकते!"