लुगड्याला चिकटणारा खापरा

मी गयाबाई, धारूरच्या डोंगराकडची. आई औषधाच्या मुळ्या खणायची, तिच्या मागं मागं फिरून पाला वळखायला शिकले. लगीन होऊन बीडला आले, आन् औषधाच्या कारखान्यात मुळ्या निवडायला लागले.

काय सांगू तुमाला, एकदा मपली नोकरीच जात होती. तपासणीच्या मॅडम, लेकीच्या वयाच्या, म्हणल्या, गयाबाई, सुजेवरच्या काढ्याला पुनर्नवा पाहिजे, तुमच्याकडं खापरा म्हणतात ना, त्याची मुळी आणा. म्हणलं, ह्यात काय अवघड. भावजयीनं आन् मी दोन पोती खणली, वाळवून आणली. मॅडमनं मुळी कुटून तिचा अर्क काचेच्या पट्टीवर चढवला, आन् म्हणल्या, ही ती नाही. मला लई राग आला. म्हणलं, जलमभर खापऱ्याची भाजी खाल्ली मी, आन् तुमची काच मला शिकवती व्हय? पण पट्टीवर खऱ्या पुनर्नव्याच्या रेघांशी माझ्या मुळीच्या रेघा काय जुळंनात. मालक म्हणले, बाई भेसळ करती, काढून टाका. भेसळ! आईच्या हाताखाली शिकलेली मी, त्या शब्दानं दोन दिवस घास गेला न्हाई.

मॅडमनं मालकाला थांबवलं, म्हणल्या, आधी झाड डोळ्यानं बघू द्या, आन् एष्टीनं माझ्यासंगं धारूरला आल्या. बांधावर मी दाखवला जाड पानाचा, भाजीचा. त्याच्या पल्याड होता बारीक गुलाबी फुलाचा, त्याचं बी लुगड्याला चिकटतं, वरबाडून काढावं लागतं, आमी त्याला शिव्याच द्यायचो. मॅडम त्याच्यापाशी वाकल्या, पान-फूल उलटून बघितलं, म्हणल्या, गयाबाई, हाच हो! पुस्तकात दोन्हींना खापराच लिहिलंय. परत येऊन सगळ्यांसमोर मालकाला म्हणल्या, चूक माझी आहे, मी नाव सांगितलं, झाड दाखवलं नाही. शिकलेलं माणूस माझ्यासारखीसाठी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. रडले मी, खोटं कशाला सांगू.

तवापासून नुसत्या नावावर माल घेत न्हाईत. फुलाबियासगट आख्खं झाड पोत्यासंगं यावं लागतं, आधी मी बघते, मग काच बघती. काच न्हाई म्हणली तर आता मी भांडत न्हाई, गुमान दुसरं पोतं सोडते. पोत्याच्या चिठ्ठीवर मपली सही असती, ती बी मॅडमनंच शिकवली.

मॅडम आता पुण्याला गेल्या, जिथं असतील तिथं सुखात ऱ्हावो लेकरू. माहेरी गेले की लुगड्याला ते बी चिकटतंच, पण तोंडात शिवी येत न्हाई आता. एकेक बी सोडवते, बांधावरच टाकते, म्हणते, उगव बाई, तुझ्यामुळं मपल्या आईचं नाव ऱ्हायलं.