नवव्या मजल्याची किल्ली

शत्रू थंडीची वाट बघतो आणि मग वीजघरांवर मारा करतो; घरं गरम ठेवणारं पाणीही तिथूनच पाइपांनी येतं. हलकटपणालाही त्याने ऋतू ठेवलाय. कीवच्या आमच्या वस्तीत, घरं गारठलेल्यांसाठी उभारलेल्या गरम तंबूत, चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक इमारतीची व्यवस्था बघणारी राईसा, दुसरी नवव्या मजल्यावरची म्हातारी ओदार्का.

"मावशी, किल्ली द्या. वरचा व्हॉल्व्ह तुमच्या घरात आहे. तो उघडल्याशिवाय पाइपांतलं पाणी उतरणार नाही."

"पाणी काढलंस की घर मेलं. संध्याकाळपर्यंत ऊब येतेय."

"कोण म्हणालं?"

"माझा पोरगा, ओस्ताप. वीजघर दुरुस्त करतोय तो, तुझ्यासारखी नुसती जीभ नाही चालवत."

"कधी म्हणाला?"

"काल."

"आज सकाळी तिथे पुन्हा क्षेपणास्त्र पडलं, मावशी."

"मी काय बहिरी आहे?"

"त्याचा फोन लागला?"

"चहा घे. गार होतोय."

"पाणी गोठून पाइप फुटले, तर त्याने वीजघर सुरू करूनही आपण गारठूनच मरू."

"…घे किल्ली. पण पाइप पुन्हा गरम झाले, की पहिली हाक मला मार."

"मारीन."

"फोन नाही लागला तरी कळेल मला."