एकच वाइन आंबट लागली नाही

आधीच माफी मागतो, हे मी कागदावर लिहून आणलंय, कारण तोंडी बोलायला लागलो की माझं वाक्य मधेच कुठेतरी जाऊन बसतं, आणि लिहिलंय त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असणार, शब्दही साधेच, आठवीतनं शाळा सोडली मी... पण मला एक सांगा, आंबट वस्तूला आंबट का म्हणायचं नाही? वाइनच्या दुकानात म्हणे आंबट म्हणत नाहीत, ‘तरतरीत’ म्हणतात. घशात जळलं तर जळलं म्हणायचं नाही, ‘अंगाने भरदार आहे’ म्हणायचं. मी सोफे बांधतो. आमच्याकडे स्प्रिंग टोचली की गिऱ्हाईक ‘टोचते’ म्हणतं, ‘जरा टोकदार स्वभावाची आहे’ असं कुणी म्हणत नाही.

तर झालं असं, की त्या दुकानातल्या मॅडमनी... मॅडम म्हणजे मालकीणच, वडिलांच्या मागे दुकान बघतात, वयाने माझ्याएवढ्याच, आणि कधीही जा, चाकांच्या शिडीवर उभ्या राहून वरच्या फळीवरच्या बाटल्या पुसत असतात... तर त्यांनी एक उंच स्टूल आमच्याकडे गादी बदलायला टाकलं होतं. ते पोचवायला मी गेलो. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, खिडकीतल्या बाटल्यांमधून ऊन येऊन फरशीवर हिरवं पाणी साचल्यासारखं दिसत होतं, पाय पुढे टाकवेना, वाटलं भिजेल. तेवढ्यात शिडीवरून आवाज आला, "सोफेवाले, आधी तुम्ही बसून दाखवा. पडला नाहीत तर मग मी बसेन."

मी काय म्हणणार? म्हटलं, बरं.

बसलो. त्यांनी शिडीवरूनच उघड्या बाटलीतली थोडी लाल वाइन ग्लासात ओतून पुढे केली. मी घोट घेतला आणि तुम्हाला सांगतो... लहानपणी टॉर्चच्या सेलला जीभ लावून बघितलीय कधी? तसं. आणि पाठोपाठ थिनर. आता मी दिवसभर सोल्युशन आणि थिनरच्या वासात, फोम चिकटवायचा म्हणजे ते आलंच, त्यामुळे दारूची नुसती चव लागली तरी माझं नाक म्हणतं, चला, कामाला लागा.

"तोंड का असं केलंत?"

"आंबट आहे," मी म्हटलं. "आणि थिनर..."

मॅडम खाली उतरल्या. मला वाटलं, आता स्टुलासकट बाहेर. तर म्हणाल्या, "खरं कुणी बोलतच नाही हो इथे. सगळे वा वा करतात आणि ग्लास गुपचूप कुंडीत रिकामा करतात. तुमच्या जिभेला चालेल अशी एक तरी बाटली या दुकानात असणार. मी शोधते. शनिवारी दुपारी येत जा, तेव्हा गर्दी नसते."

म्हटलं, बरं.

मग काय, सुरू झाले शनिवार. मी स्टुलावर, मॅडम शिडीवर, आणि मधे ते हिरवं ऊन हळूहळू भिंतीकडे सरकतंय. त्या बाटली फिरवून मागचा कागद दाखवायच्या. "हा दारूच्या टक्क्यांचा आकडा बघायचा. चौदा असला तर तुम्हाला जाळणार. दहाच्या खाली बघू." मग कळलं, उन्हाच्या गावची द्राक्षं कमी आंबट, पण त्यांच्यात साखर जास्त, आणि साखरेची होते दारू, म्हणजे जळणार. थंड गावच्या द्राक्षात दारू कमी, पण ती आंबट. आमच्या कापडासारखंच हो, इकडे ओढलं की तिकडे कमी पडतं. मग म्हणाल्या, थंड करून पिऊ. गार केली तर जळणं कमी झालं, पण आंबटपणा असा टोकदार झाला की डोळे मिटले. मग खारट चीजचा तुकडा तोंडात ठेवून घोट घेतला, ते जरा बरं लागलं, म्हणजे चीज बरं लागलं.

"गिळलीत का ढकललीत?" त्या विचारायच्या.

"ढकलली," मी म्हणायचो. आणि त्यांना ते आवडायचं हो. वहीत लिहिणं नाही, काही नाही, नुसतं मनाशी ‘ही पण नाही’ म्हणून शिडी पुढे ढकलायच्या, आणि ती चाकं फरशीवरून जाताना असा काही आवाज करायची... मला तो कारखान्यात फोम कापतानाही ऐकू यायचा. दोन सीट उलट्या कापल्या मी त्या नादात.

घरी ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, त्यांनी हेरलं. "काय रे, स्टूल बघायला जाताना शर्टाला इस्त्री लागते?" ताई म्हणाली, "जाऊ द्या ना, निदान घराबाहेर पडतोय." भाऊजी म्हणाले, "पडतोय खरा, पण आंबट तोंड करून परत येतो आणि हसत झोपतो. हा कुठला आजार?"

आता गेल्या शनिवारचं ऐका. गेलो तर मॅडमचा चेहरा फुललेला. हातात एक फिकट बाटली. "आज सापडणार. पाचच टक्के. आंबवणं मधेच थांबवतात, म्हणून द्राक्षाची साखर उरते, दारू वाढत नाही, आणि गोडव्याखाली आंबट झाकलं जातं. हिला नाही म्हणूच शकणार नाही तुम्ही. सुटलात बघा, पुढच्या शनिवारपासून मोकळे."

मोकळे... मी ग्लास उचलला.

बारीक बारीक बुडबुडे होते. आणि ती वाइन, कसं सांगू, ती आत शिरलीच नाही, मीच तिच्यात शिरलो. इतकी वर्षं लोकांचे सोफे बांधतो, पण कुठल्या सोफ्यावर कधी आडवा झालो नाही, तो त्या दिवशी झालो. पडदा ओढलेला, बाहेर दुपार, आतल्या खोलीत कुणीतरी आवाज न करता कपबशा लावतंय, पीचचा वास येतोय, आणि आपल्याला कुणी उठवणार नाहीये... जळलं नाही, टोचलं नाही. ग्लास कधी संपला कळलंही नाही. डोळे उघडले तर मॅडम समोर, श्वास धरून उभ्या.

"कशी आहे?"

तुम्ही सांगा, काय करायचं माणसाने? चांगली म्हणावं तर शनिवार गेला. आणि समोर हा चेहरा, ज्याला माझं खरं बोलणं तेवढं आवडतं...

"आंबट आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. बाटलीला बूच लावत म्हणाल्या, "मग हरले मी. तुमचं नि वाइनचं जमत नाही. सरबत प्या, सुखी राहा. आणि आता येऊ नका, उगाच तुमची दुपार वाया जाते."

म्हटलं, बरं.

म्हणजे खरं बोललो असतो तरी गेलं असतं, खोटं बोललो तरी गेलं. वर त्यांना हरवून आलो ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन तडक दुकान गाठलं. त्या शटरचं कुलूप उघडत होत्या.

"मॅडम, कालची आंबट नव्हती."

"माहितीय. ग्लासात थेंब ठेवला नव्हतात. एरवी अर्धा उरतो." कुलूप हातात तसंच. "मग खोटं का बोललात?"

मनात सगळं होतं हो. ती शिडीची चाकं, भिंतीवर चढणारं ऊन, उलट्या कापलेल्या सीटा, सगळं ओळीने उभं होतं. तोंडातून आलं, "सहज."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "आवडली असेल तर डझनाचं खोकंच न्या. स्वस्त पडेल. म्हणजे वर्षभर तुम्हाला इकडे यायलाच नको." आणि थांबल्या. मान जराशी तिरकी. आता इथे माणसाने काय म्हणायला पाहिजे होतं, ते तुम्हाला कळतंय, मलाही खोकं खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला पोचल्यावर कळलं. पण तेव्हा मी म्हटलं, बरं.

घरी भाऊजी पेपर वाचत बसले होते. मी खोकं टेबलावर ठेवलं, एक बाटली उघडली, आणि घरातला सगळ्यात मोठा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय सकाळी सकाळी? आंबट आहे का?"

"नाही भाऊजी," मी म्हटलं, "गोड आहे. फक्त जरा पटापट प्या, अजून अकरा आहेत."